डावीकडचा आवाज

“डावीकडचं अजून मेलेलंच आहे,” व्हॅनकाका म्हणाले.

वहिनींनी पेचकस खाली ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. व्हॅनचं पुढचं डावं दार सताड उघडं होतं. दाराचं प्लास्टिकचं पॅनेल काढून भिंतीला टेकवलेलं, आतला पत्रा उघडा पडलेला, आणि त्या पत्र्यात तासाभरापूर्वी बसवलेला नवाकोरा स्पीकर गाणं म्हणत होता. चांगला मोकळ्या गळ्याने म्हणत होता. गॅरेजांच्या त्या ओळीत पलीकडच्या तिसऱ्या दुकानात कुणीतरी चेपलेला पत्रा ठोकत होतं, तरी तो ऐकू येत होता.

“मेलेलं म्हणजे?”

“म्हणजे वाजत असेल, पण येत नाही. गाणं सगळं उजवीकडूनच येतंय. जुन्या स्पीकरचंही हेच रडगाणं होतं.”

अकरा वाजून गेले होते. साडेबाराला शाळा सुटायची. व्हॅनकाकांच्या गाडीत अकरा मुलं होती, सगळ्यात लहान बालवर्गातलं, सगळ्यात मोठं पाचवीतलं. सकाळी मुलांना सोडून ते थेट इकडे आले होते. व्हॅनवर त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळा रंग दिला होता आणि तो रंग अजून त्यांच्या चपलांच्या टाचांवर होता. माणूस नीटनेटका, बोलायला गोड. पण आज सकाळपासून घड्याळाकडे बघून बघून मानेला रग लागली असावी.

त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. फार खर्च नको, पण आवाज भरून यायला हवा. याआधी ते दोन दुकानं फिरून आले होते. पहिल्याने स्टिरिओ बदलून दिला. दुसऱ्याने सीटखाली एक मोठा खोका बसवला; त्याने गाडीच्या काचा थरथरायच्या आणि बालवर्गातलं पोर रडायचं, म्हणून तो काढून टाकावा लागला. वहिनींनी मात्र आधी तासभर नुसतं ऐकून घेतलं होतं आणि मग सांगितलं होतं, की स्टिरिओला हात लावू नका, मागच्या स्पीकरांना तर मुळीच नको. कंपनीतून आलेले पुढचे दोन स्पीकर कागदी आहेत, ते तेवढे बदलू. बाकी सगळी करामत दारात. दार म्हणजे रिकामा डबा; डब्यात बसून कितीही मोठा गवई गायला तरी पत्राच वाजणार. तेव्हा आतून जाड काळी शीट चिकटवू, पत्र्याची भोकं बुजवू, स्पीकरभोवती फोमची कडी घालू. निम्म्या खर्चात दुप्पट आवाज. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते आजवर खोटं पडलं नव्हतं.

आज मात्र पडायच्या बेतात होतं.

त्यांनी खिशातून पेन्सिल सेल काढला आणि स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवला. स्पीकरचा पडदा टकदिशी बाहेर आला. बाहेर आला म्हणजे जोडणी सरळ, आत गेला असता तर उलटी. जोडणी सरळच होती, हे त्या तिसऱ्यांदा बघत होत्या.

“वहिनी, वाईट वाटून घेऊ नका,” व्हॅनकाका म्हणाले, “उस्ताद एकदा हात लावतील का?”

उस्ताद म्हणजे वहिनींचे यजमान. दुकानात आत, पंख्याखाली, खुर्चीत बसलेले. एके काळी या ओळीत त्यांच्यासारखा कान नव्हता. गाडी फाटकातून आत येता येता ते सांगायचे, मागचा उजवा फाटलाय. कान अजून तसाच होता. डोळे गेले होते. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही खाल्लं. सहा वर्षांपासून हात वहिनींचे आणि कान दोघांचे, असं दुकान चाललं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा त्यांनाच शोधायचं, याची वहिनींना सवय झाली होती. राग येत नसे असं नाही. पण तो त्या पान्यावर काढत.

“डावा ठणठणीत वाजतोय,” उस्ताद आतूनच म्हणाले. “उजव्यापेक्षा अंमळ जास्तच.”

“मग मला का नाही येत?” व्हॅनकाकांचा आवाज चढला. मग त्यांनीच तो खाली आणला. “नाही, तुमचा अनुभव मोठा आहे. पण मी त्या सीटवर रोज सात तास बसतो. मला कळणार नाही का? मुलं म्हणतात, काका, आवाज कमी करा, कान दुखतात. आणि मला गाणं अर्धंच येतं. याचा अर्थ काय समजायचा?”

 हातातला सेल वहिनींनी सावकाश खिशात टाकला.

“बसा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आपल्या सीटवर बसा. मी बॅलन्स फिरवते.”

व्हॅनकाका चालकाच्या जागी बसले. वहिनी डावीकडून आत वाकल्या आणि स्टिरिओचा बॅलन्स त्यांनी पार डावीकडे नेला. आता उजवा स्पीकर पूर्ण बंद. गाणं फक्त डाव्या दारातून, त्यांच्या गुडघ्याशेजारून येत होतं.

“आता?”

“आता बघा, सगळं उजवीकडून येतंय,” व्हॅनकाका म्हणाले आणि त्यांना हायसं वाटल्याचं तोंडावर दिसलं. “तारा अदलाबदल झाल्यात. तरीच म्हटलं.”

 उस्तादांनी आत खुर्चीत कूस बदलली; खुर्ची करकरली.

“एक करा. सीटवर गुडघे टेकून उलटे बसा. मागे मुलं बसतात तिकडे तोंड करून.”

“हा काय पोरखेळ?”

“बसा तर खरं.”

ते कसेबसे वळले. पन्नाशीच्या माणसाला चालकाच्या सीटवर गुडघ्यावर बसणं सोपं नसतं. स्टीअरिंग पाठीत रुतत होतं. गाण्याचं एक कडवं झालं. त्यांची मान हळूहळू त्या डाव्या दाराकडे वळली, जे आता त्यांच्या उजव्या हाताला होतं.

“आला,” ते म्हणाले. “आला की. काय केलंत?”

वहिनींनी काहीच केलं नव्हतं. त्यांनी गाणं बंद केलं, गाडीची किल्ली फिरवून काढली आणि नकळत मुठीत धरली.

“दोन मिनिटं,” एवढंच म्हणून त्या आत आल्या.

उस्ताद वाटच बघत होते. हळू बोलले, पण धारेने बोलले. “पॅनेल बसव आणि गाडी दे.”

“तुम्हाला कळलं ना?”

“कळलं. म्हणून तर म्हणतोय. त्याचं पोट आहे त्या गाडीवर. आपण स्पीकर विकतो. कान तपासायचं दुकान नाही आपलं.”

“अकरा मुलं आहेत गाडीत. उतरायचं दार डावीकडे आहे.”

“वीस वर्षं चालवतोय तो. आरसे आहेत, डोळे आहेत. एका कानाने बहिरी माणसं काय गाडी चालवत नाहीत?”

“माहीत असलं तर चालवतात. आरशात जास्त बघतात, मान वळवतात. याला माहीतच नाही. हा स्पीकर बदलत फिरतोय.”

“सांगेल कुणीतरी. त्याची बायको सांगेल, डॉक्टर सांगेल. तू कोण?”

वहिनींनी मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमच्या वेळेला मी हेच म्हणाले होते. मनातल्या मनात. मी कोण.”

सहा वर्षांत ही गोष्ट त्या घरात निघाली नव्हती. उस्ताद तारा बोटांनी चाचपू लागले होते. “ही लाल ना गं?” असं थट्टेत विचारायचे, आणि वहिनी थट्टेतच “हो” म्हणायच्या. तार हिरवी असली तर गुपचूप लाल हातात द्यायच्या. वर्षभर असं चाललं. मग एक दिवस त्यांनी जोडलेल्या एका गाडीत, सोललेली तार पत्र्याला लागून, आग लागली. गाडी रस्त्याकडेला उभी होती, आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. तिच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. ती वितळलेली खुर्ची वहिनींनी पाहिली होती. उस्तादांना ती दिसली नव्हती, आणि वहिनींनी त्यांना ती कधी सांगितलीही नव्हती.

बाहेर व्हॅनकाकांनी हॉर्न दिला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

वहिनी बाहेर गेल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, “तुमचा डावा कान गेलाय.”

व्हॅनकाका गाडीतून उतरता उतरता हसले. मग हसायचे थांबले.

“स्पीकरमध्ये काही दोष नाही. जुन्यातही नव्हता. बॅलन्स डावीकडे होता तेव्हा तुम्ही उजवीकडून म्हणालात. उलटे बसलात तेव्हा—”

“बाई, तुम्हाला जमलं नाही तर तसं सांगा.” वहिनीची ‘बाई’ झाली होती. “तुमचं अडलं की माझ्या कानावर ढकलायचं? आधीच्या दोघांनी लुबाडलं, पण हा बट्टा नाही लावला कुणी. किल्ली द्या.”

“देते. आधी—”

“किल्ली द्या. मुलं फाटकावर उभी राहतील.”

पत्रा ठोकण्याचा आवाज थांबला. शेजारच्या दुकानातला पंक्चरवाला टायर हातात धरून बघत राहिला. वहिनींची मूठ घट्ट होती आणि किल्लीचे दाते तळहाताला टोचत होते. त्यांना वाटलं, आपण देऊन टाकावी. एक पाऊल मागे सरायचा अवकाश, की सगळं सुरळीत होणार होतं.

“फोन कुठल्या कानाला लावता?” आतून उस्तादांनी विचारलं.

व्हॅनकाका आवाजाच्या दिशेने बघायला गेले आणि चुकीच्याच बाजूला बघितलं. मग सावरले. “कुठल्या म्हणजे? या.” त्यांचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला.

उस्ताद भिंतीला धरून उठले, चार पावलं चालत दाराशी आले. “गाडीत बसा. काचा वर करा. मी फोन करतो, तो डाव्या कानाला लावा. मी काय बोललो ते बाहेर येऊन सांगितलंत, तर ही तुमची किल्ली देईल, पाया पडून माफी मागेल, आणि दुसरा नवा स्पीकर फुकट बसवेल. मिनिटभराचं काम. साडेबाराला अवकाश आहे.”

 वहिनींनी आधी उघडं डावं दार ओढून घेतलं. व्हॅनकाका चालकाच्या जागी बसले, काच चढवली, आणि कुणाला तरी धडा शिकवायचा असावा तसा फोन डाव्या कानावर दाबून धरला.

वहिनींनी दुकानाच्या फोनवरून नंबर लावून दिला आणि त्या पायरीवर उभ्या राहिल्या. काचेतून व्हॅनकाका दिसत होते. पाठीमागे उस्ताद बोलू लागले. वहिनींना वाटलं, एक दोन तीन म्हणतील, नाहीतर गाण्याची ओळ.

“मी बोलतोय,” उस्ताद म्हणाले. “तुला ऐकू जातंय की नाही, देव जाणे. गेलं तर बरंच. मला दिसेनासं झालं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. वाटायचं, हातांना सगळं पाठ आहे. हिला माहीत होतं. हिला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. ती हिरव्या तारेच्या जागी लाल द्यायची, आणि मी घ्यायचो. मग माझ्या हातून एक गाडी जळली. त्या माणसाने नंतर येऊन मला शिव्या दिल्या. म्हणाला, मागच्या सीटवर माझं पोर बसतं. मी हिला सांगितलं नाही ते. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा ती सीट डोळ्यांपुढे येते. डोळे नाहीत, तरी येते.”

वहिनींनी वळून बघितलं नाही. त्यांनी दाराची चौकट धरली. समोर काचेआड व्हॅनकाका फोन कानाला लावून बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांनी फोन कानावरून काढून बघितला. पडद्यावर सेकंद पळत होते. पुन्हा लावला. आणखी जोरात दाबला. ओठ हलले, “हॅलो”. मग त्यांनी डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले, वाट बघणाऱ्या माणसासारखे.

“बस,” उस्ताद म्हणाले आणि फोन ठेवला.

काच लगेच खाली आली नाही. आली तेव्हा व्हॅनकाका म्हणाले, “बोलत होतात का?”

“मिनिटभर,” वहिनी म्हणाल्या. 

“काय म्हणालात?” व्हॅनकाकांनी उस्तादांना विचारलं.

“ते राहू द्या,” उस्ताद म्हणाले.

व्हॅनकाकांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ते त्या हातांकडेच बघत होते. मग बोलू लागले, पण कुणाकडे बघून नाही.

“थंडीत ताप आला होता. उठलो तर कानात घूं घूं. वाटलं मळ असेल. तेल घातलं. घूं घूं थांबलं, म्हणजे बरं झालं असं धरून चाललो.” ते थांबले. “गेल्या आठवड्यात एका मुलीचं दप्तर दारात अडकलं. ती खाली उतरलेली, दप्तर आत. मी गाडी काढली. चार पावलं ओढली गेली. गुडघा फुटला. तिच्या आईला मी म्हटलं, गाणं लावलं होतं, त्यामुळे तिची हाक ऐकू आली नाही.”

त्यांनी बंद स्टिरिओकडे बघितलं.

“गाणं बंद होतं, वहिनी.”

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की पंक्चरवाल्याने टायर खाली ठेवला आणि तो आत निघून गेला.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. वहिनींनी मूठ उघडली आणि किल्ली गाडीच्या टपावर ठेवली, त्यांच्या हाताशी. आता अडवायची नव्हती. अडवून उपयोगही नव्हता. तो निर्णय दुसऱ्याच्या हातात असायला हवा होता. पण त्या बाजूला झाल्या नाहीत. किल्ली टपावर, माणूस आत, आणि रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज. व्हॅनकाकांनी हात बाहेर काढला, किल्लीवर ठेवला. उचलली.

मग ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि फोन उजव्या कानाला लावला.

“शाळेचं ऑफिस का? मी पिवळ्या व्हॅनवाला बोलतोय. आज मला यायला जमणार नाही. गाडीचं काम निघालंय...” ते अडखळले. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. “नाही, थांबा. गाडी ठीक आहे. मला एका कानाने ऐकू येत नाही. आजच कळलं. म्हणजे, कळलं होतं.” पुन्हा ऐकलं. “हो. दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगतो. तो येईपर्यंत मुलांना आत बसवा, फाटकावर उभं करू नका. बालवर्गातलं एक आहे, त्याला बाईंच्या जवळ बसवा, ते घाबरतं.”

दुसरा फोन त्यांनी त्या व्हॅनवाल्या जोडीदाराला केला. कुठल्या मुलाला कुठल्या कोपऱ्यावर सोडायचं, कुणाची आजी खाली येते, कोण पुढच्या सीटसाठी भांडतं, हे अकराही जणांचं एकेक करून सांगितलं. एकदाही चुकले नाहीत. सांगून झालं तेव्हा त्यांचा आवाज फुटला, पण तोवर फोन बंद झालेला होता.

वहिनींनी पॅनेल उचललं. क्लिपा एकेक करून बसवल्या, तळहाताने ठोकून घट्ट केल्या. काम अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि दुसरं काय करावं हेही सुचत नव्हतं. बॅलन्स मध्यावर आणला. व्हॅनकाका खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले. उजवा कान आता गाडीच्या आत होता.

“लावा,” ते म्हणाले आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली.

गाणं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलं काम झालंय,” ते म्हणाले. “भरून येतंय. गाडी इथेच ठेवतो, जोडीदार संध्याकाळी नेईल.”

ते चालत निघाले. रस्ता ओलांडायच्या आधी थांबले, पाय न हलवता आधी मान वळवली, मग खांदे, मग अख्खं अंग डावीकडे वळवून बघितलं, आणि मगच पाऊल टाकलं.

दुपारी जेवताना उस्तादांनी विचारलं, “ऐकलंस ना तू?”

“ऐकलं.”

“त्याला ऐकू जाणार नाही, हे ठाऊक होतं, म्हणून बोललो.”

“मी पायरीवर आहे, हेही ठाऊक होतं.”

 उस्ताद ताटातला घास चाचपत राहिले. वहिनी म्हणाल्या, “मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.”

“उघडलं असतंस तर मी तुला दुकानाबाहेर काढलं असतं,” उस्ताद म्हणाले. “आणि तरीही उघडायला हवं होतंस.” थोड्या वेळाने म्हणाले, “मीही.”

पुढची हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली आहे, ताप आला त्या आठवड्यात आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं. त्या मुलीच्या घरी व्हॅनकाका स्वतः जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगी मात्र त्याच व्हॅनने शाळेत जात राहिली. व्हॅन आता जोडीदार चालवायचा. दार उघडणं, उतरवून घेणं, दप्तर हातात देणं, हे काम व्हॅनकाकांनी स्वतःकडे ठेवलं होतं. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला दारात उभं राहणं कसं वाटत असेल, हा प्रश्न ओळीतल्या सगळ्यांना पडायचा. विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

दोनेक महिन्यांनी ते दुकानात आले. काम काही नव्हतं. वहिनी एका गाडीच्या दारात कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. त्यांनी मानेनेच आत बसायची खूण केली. उस्तादांच्या उजव्या हाताला एक स्टूल होतं. व्हॅनकाकांनी ते उचललं, खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं.

“कोण हलवतंय?” उस्तादांनी विचारलं.

“मी आहे,” व्हॅनकाका म्हणाले. “या बाजूला बसतो. म्हणजे तुमचं बोलणं ऐकू येईल.”

आणि ते बसले.